दिवेलागणीचा नमस्कार

तिन्हीसांजा झाल्या, घरात अंधारून आले की कोणीतरी उठून दिव्याचे बटण दाबते आणि उजेड पडताच वडीलधाऱ्यांचे हात आपोआप जोडले जातात. महाराष्ट्रातील असंख्य घरांत हे रोज घडते. दिवा देवघरातला असतोच असे नाही. बहुधा ती भिंतीवरची साधी ट्यूब असते. नव्या पिढीला या नमस्काराची गंमत वाटते. "नमस्कार कोणाला? वीजमंडळाला?" असा मिश्किल प्रश्न एखादा नातू विचारतो आणि आजी हसून विषय सोडून देते. वास्तविक तो सोडून देण्याजोगा प्रश्न नाही. त्याचे नीट उत्तर शोधू गेल्यास रोजच्या जगण्यात अध्यात्म नेमके कोठे वसते, याचा बराच उलगडा होतो.

मराठी घरात आभार मानण्याची पद्धत नव्हती. आईने पानात गरम पोळी वाढली म्हणून तिला 'थँक यू' म्हणणे आजही पुष्कळांच्या कानाला परके वाटते. याचा अर्थ त्या घरात कृतज्ञता नव्हती असा नव्हे. 'कृतज्ञ' या शब्दाची फोड केली की तिचे स्वरूप ध्यानात येते. केलेले जाणणारा तो कृतज्ञ आणि केलेले पुसून टाकणारा तो कृतघ्न. म्हणजे आपल्या परंपरेने कृतज्ञतेला मनाचा गोडवा मानले नाही. तिला ज्ञान मानले. आणि जे जाणले त्याचे देणे लागते, म्हणून त्या ज्ञानापाठोपाठ 'ऋण' ही कल्पना आली. तैत्तिरीय संहितेत ऋषिऋण, देवऋण आणि पितृऋण अशा तीन ऋणांचा उल्लेख आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथ्या, मनुष्यऋणाची भर घातली आणि माणसांना आसरा व अन्न देऊन ते फेडावे, असा मार्ग दाखविला. या चौथ्या ऋणाची आठवण प्रवचनांतून फारशी निघत नाही. पुढील विवेचनात मात्र तेच महत्त्वाचे आहे.

हे देणे विसरले जाऊ नये म्हणून दिवसाच्या आणि वर्षाच्या वाटेवर ठिकठिकाणी खुणा रोवून ठेवलेल्या दिसतात. सकाळी अंथरुणावरून उठून जमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागायची. जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायच्या. पुस्तकाला पाय लागला तर ते कपाळी लावायचे. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे, पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळायची, खंडेनवमीला हत्यारे-अवजारे मांडायची. यांतील एकाही कृतीला तीर्थयात्रा लागत नाही, मोठा खर्च लागत नाही, पुरोहितही लागत नाही. आजही दसऱ्याच्या सुमारास कोणत्याही कारखान्यात डोकावले तर लेथ मशीनला झेंडूची माळ घातलेली दिसते. ज्या यंत्रावर वर्षभर पोट भरले, त्याच्यापुढे एक दिवस हात जोडून उभे राहावे, असे त्या कामगाराला वाटते. यात अंधश्रद्धा शोधणाऱ्यांना ती सापडो बापडी!

संतांनी याच धाग्याला तत्त्वज्ञानाचे बळ दिले. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील सावता महाराजांनी मळा पिकविता पिकविता विठ्ठल आळविला. शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५ मध्ये त्यांनी समाधी घेतली. त्यांचे जेमतेम ३७ अभंग आज उपलब्ध आहेत. परंतु मोट, विहीर, भाजीचे वाफे हीच पूजासामग्री मानणारी त्यांची दृष्टी मराठी मनात खोल रुजली. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीची वाट धरतात आणि पांडुरंगाची पालखी मात्र सावतोबांच्या भेटीसाठी अरणला जाते! काम सोडून देवाकडे जाऊ न शकणाऱ्या माणसाकडे देवाने जावे, हे वारकरी संप्रदायाने केवळ कीर्तनात सांगितले नाही, प्रत्यक्ष प्रथेत उतरविले. तेरच्या गोरोबाकाकांचे चाक आणि माती, नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंचे जाते ही याच कुळातील प्रतीके होत.

जात्यापाशी थोडे थांबले पाहिजे. पहाटे तीन-चारला उठून स्त्रिया दळायला बसत. पहिली मूठ वैरणीला घालताना देवाचे नाव, मग माहेर, भाऊ, लेकरे, शेजार, पंढरी, सीतेचे दुःख असा ओव्यांचा ओघ सुरू होई. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये हे धन साठविले. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवॅ यांनी आरंभलेल्या संग्रहकार्यात हजाराहून अधिक गावांतील स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी केवढा हा ग्रंथ रचला! मात्र जात्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी जाते ओढलेले असते, हेही ध्यानात ठेवावे. ते काम हाडे मोडणारे होते. त्या ओव्यांत सासुरवासाचे कढ आहेत, संतापही आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तो योग्यच होता. जाते परत आणावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न निराळा आहे. गिरणीने श्रम नेले, तशी पहिल्या मुठीची ओवीही नेली. श्रम वाचल्यावर वेळ उरला. त्या उरलेल्या वेळात पहिल्या मुठीच्या जागी काय आले? आजच्या बहुतेक घरांत डोळा उघडताच हात भ्रमणध्वनीकडे जातो. जमिनीची क्षमा मागण्याआधी रात्रीतून कोणाकोणाचे निरोप आले, याची हजेरी घेतली जाते.

गंमत अशी की कृतज्ञतेचा शोध आता पश्चिमेकडून नव्याने येथे येत आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलॉ यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना आठवड्यातून एकदा कृतज्ञता वाटणाऱ्या काही गोष्टी लिहून काढायला सांगितले होते, ते कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. तेव्हापासून कृतज्ञतेच्या वह्यांचे पेवच फुटले आहे. पुण्या-मुंबईच्या दुकानांत त्या सुबक बांधणीत मिळतात. यात हसण्यासारखे काही नाही. लिहिणाऱ्याला शांत झोप लागत असेल तर वही भरावी. परंतु या वहीचा प्रवास 'मला बरे वाटावे' येथे सुरू होतो आणि 'मला बरे वाटले' येथे संपतो. ज्याने दिले तो त्यात निमित्तमात्र असतो. ऋणाच्या कल्पनेत मात्र देणारा केंद्रस्थानी असतो आणि घेणाऱ्याच्या मागे उतराई होण्याचा तगादा लागतो. ऋण जाणवलेला माणूस काहीसा अस्वस्थच असतो. ही अस्वस्थता गमावून केवळ समाधान पदरात पाडून घेणे, हा सौदा परवडणारा नाही.

आता नातवाच्या प्रश्नाकडे वळावे. दिवा लागला, हात जोडले. पण नमस्कार कोणाला? आजीचे उत्तर 'प्रकाशाला' असे असेल. ते खरेच आहे, पण पुरेसे नाही. कोयना प्रकल्पाची वीज १९६२ पासून महाराष्ट्राला मिळू लागली. आज त्याची क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि जलविद्युत संच झटपट सुरू करता येत असल्याने मागणी चढते त्या वेळी हीच वीज हाताशी येते. म्हणजे दिवेलागणीला कोयनामाईचा हातभार असतो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. त्या शिवसागर जलाशयाखाली गावे गेली, शेते गेली, ग्रामदैवतांची देवळे गेली. तेथून उठलेल्यांपैकी कित्येकांचे पुनर्वसन साठ वर्षांनंतरही पुरते झालेले नव्हते. कोयनेखेरीजची बरीचशी वीज कोळशाची. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्राने राज्याला उजेड दिला आणि धूर व राख चंद्रपूरकरांच्या वाट्याला ठेवली. बाळा, नमस्कार त्यांना आहे, असे आजीला सांगता आले पाहिजे. तिला ते ठाऊक नसेल तर ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सांगावे. ट्यूबपुढे जोडलेले हात खाण कामगारापर्यंत आणि धरणग्रस्तापर्यंत पोहोचले, तरच 'कृतज्ञ' या शब्दातील 'ज्ञ' सार्थ होतो.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता देशभर थाळ्या आणि घंटा वाजल्या. महामारीशी झुंजणारे डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्याविषयीची ती भावना खोटी नव्हती. अनेकांचे डोळे पाणावले होते. पण त्यानंतर काही दिवसांतच परिचारिकांना घर सोडायला सांगणारे घरमालकही याच समाजात निघाले, अशी वृत्ते आली. आजही घरकाम करणाऱ्या मावशींनी अमुक उद्वाहक वापरू नये, अशा पाट्या सुशिक्षितांच्या गृहनिर्माण संस्थांत आढळतात. कचरा नेणाऱ्याला पाणी द्यायचे तर वेगळा पेला शोधला जातो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री केरसुणीला हळदकुंकू आणि सकाळी केरसुणी हाती धरणाऱ्याला वेगळा पेला, हे ज्या घरात घडते तेथे पूजा झाली असे म्हणवत नाही. आपल्या धर्माचरणावर बाहेरच्यांनी केलेली टीका पुष्कळदा अज्ञानातून आलेली असते. हा दोष मात्र घरातला आहे आणि तो घरच्यांनीच काढायचा आहे. मनुष्यऋण अन्न आणि आसरा देऊन फेडावे, असे सांगणाऱ्यांच्या वंशजांना पेल्याचा हिशेब शोभत नाही.

सुधारणेची सुरुवात जेवणाच्या ताटावरून करता येईल. दिवसातून एक जेवण सर्वांनी एकत्र, दूरदर्शन संच बंद ठेवून आणि भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवून करणे आजही अशक्य नाही. अवघड आहे, एवढेच. चित्राहुती घालण्याची रीत घरात उरली असेल तर मुलांना तिचा अर्थ सांगावा. नसेल तर निदान पानातला एक पदार्थ निवडून तो कोठून आला, याची चौकशी करावी. भात कोणत्या खाचरातला, कांदा कोणत्या बाजार समितीतून आला, त्या दिवशी शेतकऱ्याच्या हाती काय पडले? अन्न हे पूर्णब्रह्म मानणाऱ्यांना ब्रह्माचा बाजारभाव ठाऊक असायला हरकत नाही. चार दिवस असे बोलणे झाले की पानात टाकण्याचे प्रमाण न रागावता कमी होते, हे अनेक मातांना अनुभवाने माहीत आहे.

आणि एक गोष्ट शाळांनी करावी. मुंबईकर ज्या पाण्याने सकाळी आचमन करतात ते मोठ्या प्रमाणावर ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातून येते. तानसा धरण १८९२ मधले, भातसा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालेले. याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात स्त्रियांना टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसावे लागते, हे वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत छापून येते आणि वाचून बाजूला ठेवले जाते. मुंबईतील शाळांच्या सहली जलक्रीडा उद्यानांत जातात. एखादी सहल भातसा धरणावर न्यावी, तेथून जवळच्या पाड्यावर जावे आणि हंडे भरायला किती वाजता उठता, हे तेथील मावशींना मुलांनीच विचारावे. सहल पावसाळ्यात मात्र नेऊ नये. एप्रिलमध्ये न्यावी, तेव्हा धरणात पाणी असते आणि पाड्यावर नसते.