विजेपासून गॅस : बायोगॅस उत्पादकाने आधी हिशेब पाहावा

सौर प्रकल्प वाढत आहेत तशी एक अडचण पुढे येत आहे. दुपारी वीज भरपूर असते, संध्याकाळी मागणी वाढते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. जादा वीज साठवण्याचा एक मार्ग म्हणजे तिच्यापासून मिथेन गॅस तयार करणे. यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड बायोगॅस प्रकल्पातून मिळू शकतो. त्यामुळे हा विषय शेतकरी आणि साखर कारखान्यांपर्यंत येतो.

प्रक्रिया कशी होते?

विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन वेगळा करतात. निकेलसारख्या उत्प्रेरकावर त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवला की मिथेन आणि पाणी तयार होते. ही अभिक्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिये यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते.

बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. कॉम्प्रेस्ड बायोगॅस (सीबीजी) तयार करताना तो वेगळा काढून बहुधा हवेत सोडला जातो.

जर्मनीचा अनुभव

उत्तर जर्मनीतील वेर्ल्टे येथे २०१३ मध्ये ऑडी कंपनीने असा प्रकल्प सुरू केला. त्याची विद्युत क्षमता सुमारे ६ मेगावॉट होती. कार्बन डायऑक्साइड शेजारच्या सेंद्रिय कचऱ्यावरील बायोगॅस प्रकल्पातून येत असे. वर्षाला सुमारे १,००० टन मिथेन तयार करण्याचे उद्दिष्ट होते. अभिक्रियेत निघणारी उष्णताही बायोगॅस प्रकल्पात वापरली जाई. त्या भागात पवनऊर्जा मुबलक आहे. तयार गॅस थेट वाहिनीत सोडता येतो आणि देशात २० अब्ज घनमीटरपेक्षा जास्त गॅस भूगर्भात साठवण्याची सोय आहे. उन्हाळ्यातील ऊर्जा हिवाळ्यासाठी राखणे तिथे उपयोगाचे ठरते.

एक किलो मिथेनचा हिशेब

- कार्बन डायऑक्साइड : पावणेतीन किलो
- हायड्रोजन : अर्धा किलो
- शुद्ध पाणी : साडेचार लिटर (यातील निम्मे अभिक्रियेत परत मिळते)
- वीज : सुमारे २५ ते २८ युनिट

वीज ३ रुपये युनिटने मिळाली असे धरले, तरी नुसत्या विजेचा खर्च किलोला ७५ ते ८४ रुपये होतो. यंत्रसामग्री, मजुरी आणि व्याज वेगळे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राची 'सतत' योजना सुरू झाली तेव्हा सीबीजीचा खरेदी दर किलोला ४६ रुपये होता. पुढे तो बदलला. त्या ४६ रुपयांत केवळ वीजखर्च बसवायचा, तरी युनिट पावणेदोन रुपयांच्या आसपास पडायला हवे. फक्त दुपारचे चार-पाच तास जादा वीज मिळाली, तर महागडी यंत्रे उरलेला दिवस बंद राहतात.

गॅसपासून पुन्हा वीज केली तर मूळ विजेच्या साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून कमीच हाती येते. बॅटरीतून ८० टक्क्यांहून अधिक परत मिळते. म्हणून दुपारची वीज रात्रीसाठी ठेवायची तर बॅटरी बरी. गॅसचा मार्ग महिनोन्‌महिन्यांच्या साठवणीसाठी आहे.

आपण काय करावे?

आज आपल्याकडे फायद्याची गोष्ट जुनीच आहे : शेण, प्रेसमड आणि पिकांचे अवशेष यांपासून मिळणारा गॅस. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये सीबीजीचे प्रमाण २०२५-२६ मध्ये १ टक्का आणि २०२८-२९ पासून ५ टक्के ठेवण्याचे धोरण केंद्राने जाहीर केले आहे. म्हणजे बाजार तयार होतो आहे.

शेतकरी उत्पादक कंपनीकडे विजेपासून गॅसचा प्रस्ताव आला, तर चार प्रश्न विचारा : वीज कोणत्या दराने आणि दिवसाचे किती तास मिळणार? गॅस कोण, किती वर्षांच्या कराराने घेणार? उन्हाळ्यात पाणी कुठून येणार? आणि आपल्या कार्बन डायऑक्साइडचा मोबदला किती? शेवटचा प्रश्न विसरू नका. आज हवेत सोडतो म्हणून तो फुकट देण्याचा दीर्घ करार करू नये. वीज स्वस्त झाली, तर उद्या त्यालाही भाव येईल.