मुखत्यार, खोत आणि बॉट

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांना शेअरबाजारात खरेदीविक्री करणारे बॉट 'सुरक्षितपणे' सोडू द्यावेत, असा आग्रह हल्ली वारंवार कानी पडतो. त्यातील यंत्रविद्येचा निवाडा अभियंते करोत. आमचे भांडण त्यातल्या दोन शब्दांशी आहे, आणि शब्दांशी भांडणे हे साहित्याच्या अभ्यासकांचे नित्यकर्मच होय.

पहिला शब्द 'एजंट'. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्यासाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती: मुनीम, अडत्या, दलाल, मुखत्यार. यातील प्रत्येक शब्दात मर्यादा गृहीत आहे. मुनीम चोपडीला बांधलेला. मुखत्याराने काय करावे हे मुखत्यारपत्रात लिहिलेले, आणि ते रद्द करण्याचा अधिकार देणाऱ्याकडे. नव्या 'एजंट' शब्दात असा कोणताच कागद अभिप्रेत नाही. मर्यादा ढिली झालेला मध्यस्थ काय होतो, हे कोकणाला शिकवावे लागत नाही. सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा दुवा असलेला खोत गावाचा धनी होऊन बसला. ती खोती मोडण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांना १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडावे लागले, आणि प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

दुसरा शब्द 'सुरक्षित'. कोणासाठी सुरक्षित? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व विकल्पांच्या व्यवहारात ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. याच व्यवहारात २०२३-२४ साली परदेशी गुंतवणूक संस्थांनी मिळवलेल्या नफ्यापैकी ९७ टक्के नफा अल्गोंच्या द्वारे आला. यावरून 'मग सामान्यांच्याही हाती बॉट द्या' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. माणूस लोभाने आणि भीतीने चुकतो, यंत्र शिस्तीत चालते, हे त्यांचे म्हणणे काही अंशी आम्हांलाही मान्य आहे. परंतु शिस्त आणि शहाणपण या वेगळ्या गोष्टी आहेत. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या कंपनीच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा प्रोग्राम बसवायचा राहिला. त्यावरचा जुना, निकामी प्रोग्राम जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलर गमावले. यंत्र अत्यंत शिस्तीत बुडाले. तिथे निदान ते सोडणारी माणसे तरी होती.

आपल्याकडे सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो व्यवहारांना चौकट आखली: अल्गोच्या प्रत्येक ऑर्डरला ओळखक्रमांक आणि दलालावर जबाबदारी. हे स्वागतार्ह आहे. मात्र गुंतवणूकदाराने स्वतः रचलेल्या अल्गोची नोंदणी, सेकंदाला ठरावीक संख्येहून अधिक ऑर्डरी गेल्या तरच सक्तीची. म्हणजे नियम वेग विचारतो. निर्णय कोणाचा, हे विचारत नाही. मुंबई-गोवा महामार्गावरच्या तळेऱ्यासारख्या नाक्याच्या गावी एखाद्या तरुणाने असा एजंट जोडला, एजंटाने बॉट लिहिला, सोडला, तोटा होताच दुसरा लिहिला, तर हे सारे वेगमर्यादेच्या आत राहूनही त्याची वर्षभराची बचत संपू शकते. कायद्याच्या लेखी तो व्यवहार त्यानेच केला असेल.

आणि एक गोष्ट खास आपल्या अभ्यासाची. हा एजंट वाचतो. बातम्या, पत्रे, संकेतस्थळे वाचून तो कृती करतो. कथन आणि आज्ञा यांतला भेद मात्र त्याला खात्रीने कळत नाही. एखाद्या मजकुरात कुणी दडवून ठेवलेले आज्ञार्थी वाक्य त्याला आपल्या धन्याचेच वाटू शकते. 'राजा म्हणाला, दार उघड' हे वाचून घरचे दार उघडणारा वाचक आपण वर्गात चालवून घेणार नाही. त्याच्या हाती तिजोरीची किल्ली कशी द्यावी?

म्हणून आमचे म्हणणे स्वच्छ आहे. एजंटाने बॉट सुचवावा, लिहावा, खोट्या पैशांवर अजमावून दाखवावा. खरा पैसा लावून तो बाजारात सोडण्याचा हुकूम माणसाने द्यावा. तोट्याची मर्यादा आणि बंद करण्याची कळ एजंटाला पोचता येणार नाही अशा जागी असावी. खात्यातून पैसे काढण्याचा अधिकार त्याला मुळीच नसावा. त्याने काय वाचून काय केले याची चोपडी रोज लिहिली जावी. कोकणात गुरे सोडण्याआधी गडगा पाहतात, आणि गडगा घालण्याचे काम गुरांकडे देत नाहीत.

एवढे केल्यावर 'सुरक्षित' हा शब्द वापरायला आमची हरकत नाही. तोवर तो विक्रेत्याचा शब्द आहे, आणि विक्रेत्याच्या शब्दाला अर्थ विचारणे हे भाषेच्या शिक्षकाचे पहिले काम आहे.