घरचे यंत्र : ऑटोच्या प्लेटवरचे रंग

मोडनिंबच्या शिवारात काय किंवा आणखी कुठे काय, जिथे शेतीपंपाची वीज रात्रीची येते तिथे मोटारीचा ऑटो बिघडला की अंधारात मळ्यावर जाणे आलेच. ऑटो उघडून पाहिला, तर पुष्कळदा आतल्या हिरव्या प्लेटवरची रंगीत पट्ट्यांची एखादी बारीक कांडी काळवंडलेली दिसते. तिला रेझिस्टर म्हणतात. चहाच्या कपाहून स्वस्त वस्तू, पण ती ओळखता आली नाही तर सबंध प्लेट बदलावी लागते.

पाटात माती लावून आपण वाफ्याला बेताचे पाणी घेतो, तसा रेझिस्टर विजेचा प्रवाह बेताचा करतो. किती अडवायचे त्याचे माप ओहम, आणि ते पट्ट्यांत लिहिलेले असते. घरातल्या पोराला इंद्रधनुष्याचे रंग विचारा : तानापिहिनिपाजा. त्यातला पारवा गाळा आणि 2 पासून मोजा. तांबडा 2, नारिंगी 3, पिवळा 4, हिरवा 5, निळा 6, जांभळा 7. अलीकडे काळा 0 व तपकिरी 1, पलीकडे करडा 8 व पांढरा 9.

सोनेरी किंवा चंदेरी पट्टा उजव्या हाताला धरून डावीकडून वाचावे. पहिले दोन पट्टे म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे पुढची शून्ये. पिवळा, जांभळा, तांबडा : 4, 7 आणि दोन शून्ये, म्हणजे 4700 ओहम. शेवटचा सोनेरी असेल तर शेकडा 5 चा फरक धरतात, चंदेरी असेल तर 10 चा. पाच पट्टे असले तर पहिले तीन आकडे आणि चौथा शून्यांचा.

खरा घोटाळा शून्यांच्या पट्ट्यात होतो. तापून तांबडा तपकिरी दिसू लागतो आणि 4700 च्या जागी 470 ओहमचा बसवला जातो. मग नवाही जळतो, शेजारचे भागही घेऊन जातो. म्हणून रंग बॅटरीच्या उजेडात न पाहता दिवसा पाहावेत. रंग उडालेच असतील, तर त्याच बनावटीचा ऑटो कुणा शेजाऱ्याकडे आहे का बघा व त्यातली ती जागा वाचून घ्या. जळलेल्या रेझिस्टरला मीटर लावून खरे माप मिळत नाही. वॅट मात्र रंगात नसतो, तेव्हा जुन्याहून बारीक कांडी घेऊ नका.

नव्या प्लेटवर तिळाएवढे चपटे तुकडे असतात. त्यांवर 472 असे छापलेले असले तरी हिशेब तोच, 47 वर दोन शून्ये. ते डाग देऊन बसवणे घरचे काम नव्हे.

नवा घातल्याबरोबर धुरला, तर दोष पुढे कुठेतरी आहे. तिसरा घालून पाहू नका, प्लेट कारागिराकडे न्या. पेटीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवा. तरीही स्विचच्या वरच्या अंगाला येणाऱ्या तारांत 400 व्होल्टहून अधिक दाब असतोच, आणि गोल कंडेन्सरात वीज मागे राहते. त्यांना स्पर्श नको.