कारण मिळतं, इच्छा मिळत नाही

गेली दहाएक वर्षं आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या चित्रपटाच्या प्रसिद्धीत एक वाक्य ठरलेलं असतं: यातली नायिका 'सशक्त' आहे. ती तलवार चालवते, कुस्ती खेळते, बंदूक रोखते. परीक्षणं लिहिणारेही तेवढ्यावर समाधानी असतात. तिच्या वाट्याला किती मारामाऱ्या आल्या, ती किती मिनिटं पडद्यावर दिसली, असा हिशेब मांडला की स्त्रीप्रश्न निकालात निघतो. माझ्या मते हा हिशेबच चुकीच्या खात्यावर मांडला जातो आहे. तिच्या दंडात किती बळ आहे हे मोजून काय मिळणार? तिला काय हवं आहे आणि चित्रपट संपेपर्यंत ते हवंपण तिच्याकडेच राहतं का, हे कुणीतरी विचारा.

अनुवाद करणाऱ्याला हा प्रश्न टाळताच येत नाही. पात्राच्या तोंडचं वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना शब्दकोश फार दूरवर सोबत करत नाही. हे माणूस आत्ता हे का बोलतंय, समोरच्याकडून त्याला काय हवंय, हे कळल्याशिवाय 'बरं' एवढ्याशा शब्दाचाही अनुवाद होत नाही. ते संमतीचं, वैतागाचं की हार पत्करल्याचं? आपल्या गल्लाभरू चित्रपटांतल्या नायिकांची बरीचशी वाक्यं मात्र असलं काही न विचारता पाच भाषांत डब करता येतात. 'अखिल भारतीय चित्रपट' म्हणतात तो बहुधा याच अर्थाने.

'बाहुबली'चा पहिला भाग (२०१५) घ्या. अवंतिका ही बंडखोरांच्या टोळीतली योद्धा. साखळदंडात अडकलेल्या देवसेनेला सोडवणं हे तिचं ध्येय, आणि ती कामगिरी तिच्यावर सोपवलीही जाते. तेवढ्यात नायक येतो. तिच्या नकळत तिच्या हातावर चित्र रंगवतो, पुढे झटापटीत तिचे केस मोकळे करतो, वस्त्रं बदलतो, रानातल्या रंगांनी तिला सजवतो. या प्रसंगावर त्या वेळी टीका झाली. तिचा रोख संमतीवर होता आणि तो योग्यच होता. पण मला त्याहून चटका लावते ती पुढची घडामोड, जिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. प्रेम जमल्यावर तिचं ध्येय नायक स्वतःकडे घेतो आणि एकटाच निघतो. जन्मभर जिची तयारी केली ती कामगिरी प्रेमाच्या बदल्यात हस्तांतरित! दुसऱ्या भागात (२०१७) अवंतिका जवळजवळ नाहीच. तिच्याकडून घ्यायचं होतं ते घेऊन झालेलं असतं.

त्याच दुसऱ्या भागात हाच व्यवहार एका दृश्यात उरकलेला आहे. देवसेना बायकांची छेड काढणाऱ्या अधिकाऱ्याची बोटं छाटते आणि भर दरबारात त्याचा जाब देते. तिचा पती म्हणतो, चुकलंच तुझं, बोटं नव्हे, मुंडकं उडवायला हवं होतं. आणि तो ते उडवतो. थिएटरात टाळ्या कुणाला पडल्या हे वेगळं सांगायला नको. शिवगामी मात्र या दोन्ही भागांतली खरी व्यक्ती. तिचा अहंकार, दिलेल्या शब्दाला जागण्याचा हट्ट आणि त्यापायी झालेली भयंकर चूक, सगळं तिचं स्वतःचं. पण ती आई आहे आणि राजमाता आहे. तिच्या वयाच्या बाईला हट्ट परवडतो. तरुण नायिकेचा हट्ट आपल्याला चालत नाही.

याहून गुंतागुंतीचं प्रकरण 'दंगल'चं (२०१६). तो चित्रपट मला आवडला होता, अजूनही आवडतो, म्हणून तर त्याच्याशी भांडायचं. सुवर्णपदक हवं आहे बापाला. मुलगा झाला नाही म्हणून ती इच्छा मुलींच्या अंगावर चढवली जाते. केस कापले जातात, पहाटेची धावाधाव सुरू होते. मुली चिडतात, चुकारपणा करतात. इथवर सगळं खरं वाटतं. मग चौदा वर्षांच्या एका मैत्रिणीचं लग्न लागतं आणि ती नवरी म्हणते, तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो. झालं! दुसऱ्या दिवसापासून मुली मनापासून कुस्ती खेळू लागतात. पटकथेत याला प्रेरणा म्हणतात. मला ते कारण वाटतं. आगीतून फुफाट्यात पडण्यापेक्षा आग बरी, हा विचार शहाणपणाचा असेलही. पण त्यातून कुस्तीचं वेड कसं जन्मतं? गीताला कुस्ती स्वतःसाठी कधी आवडली? डाव साधल्यावर अंगातून जी लहर जाते ती तिला पहिल्यांदा कधी जाणवली? चित्रपटाला त्यात रस नाही.

गीताच्या खऱ्या इच्छा दिसतात त्या पतियाळाच्या अकादमीत. ती केस वाढवते, नखं रंगवते, सिनेमे बघते, नव्या प्रशिक्षकाच्या पद्धतीने खेळून बघते, बापालाही चीत करते. आणि नेमका हाच काळ चित्रपट तिच्या घसरणीचा म्हणून रंगवतो. ती हरत जाते. रडत बापाला फोन करते, मग जिंकते. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं गीता फोगाटचं सुवर्णपदक खरं आहे, त्यामागचे कष्ट खरे आहेत, वडिलांचा वाटाही खरा आहे. पण पडद्यावरच्या गीताला नेलपॉलिश आणि पदक दोन्ही एकदम हवं असू शकतं, एवढी साधी गोष्ट लिहायचं धाडस कुणाला झालं नाही.

आपल्या भाषांत हवं असणं किती सोपं आहे. मराठीत 'मला हवंय', कन्नडमध्ये 'ननगे बेकु', तेलुगूत 'नाकु कावालि'. इच्छा समोर येऊन उभी राहते, तिला दाखला दाखवावा लागत नाही. ही सवलत नायकाला मिळते. 'कबीर सिंग'मध्ये (२०१९) त्याला प्रीती दिसते, हवीशी वाटते, आणि तो वर्गात जाऊन तसं जाहीर करतो. का, असं कुणी विचारत नाही. तिला तो का हवा, हेही कुणी विचारत नाही, पण ते वेगळ्या कारणाने. तिच्या बाजूला विचारण्यासारखं काही ठेवलेलंच नाही.

आता कुणी म्हणेल, प्रेक्षकाला हेच लागतं, धंदा आहे. मग 'सैराट'चं (२०१६) काय करायचं? मराठीतला सर्वाधिक कमाईचा चित्रपट तो. सगळे आर्चीच्या बुलेटबद्दल आणि ट्रॅक्टरबद्दल बोलतात; मला तिचा उत्तरार्ध मोठा वाटतो. पाटलाच्या वाड्यातली मुलगी हैदराबादच्या झोपडपट्टीत येते. तिला परश्या हवा आहे, आणि घरही हवं आहे. वास सहन होत नाही, रडते, कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते. परश्या संशय घेतो तेव्हा ती घराकडे जाणारी गाडी पकडते, आणि वाटेत मन बदलून परतते. तिला कुणी सल्ला देत नाही, कुणी वाचवत नाही. सगळं स्थिरस्थावर झाल्यावर ती आईला फोन करते, कारण तिला आई हवी आहे. त्या फोनपाठोपाठ माहेरून भेटवस्तू येतात आणि मारेकरीही.

'सैराट' कन्नड, पंजाबी, उडिया, बंगालीत गेला. हिंदीत 'धडक' (२०१८) झाला. मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या तिथे उदयपूरच्या हॉटेलवाल्याचा मुलगा झाला, जात पुसट झाली, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. शेवटाबद्दल कमी लिहिलं गेलं. मराठीत दोघं मरतात आणि मूल उरतं. हिंदीत नवरा आणि मूल मारलं जातं आणि पार्थवी जिवंत राहते, इमारतीखाली उभी, किंचाळत. हा बदल कुणाला दयाळू वाटेल, किंवा जास्त क्रूर. मला तो सोयीचा वाटतो. अडीच तास जिला नीटशी इच्छा देता आली नाही, तिला शेवटच्या मिनिटाला एक जखम मिळाली. 'सशक्त' नायिकेचा पुढचा चित्रपट अशाच जखमेपासून सुरू करता येतो.