परवानगी देण्याआधी

मैत्रिणींनो, आमच्या कोळवण खोऱ्यातल्या मुलीही आता कॉलेजच्या ग्रुपबरोबर ट्रेकला जातात. बचत गटाच्या बैठकीत दोघी-तिघींनी विचारलं, "ताई, पोरगी सांदण दरीत दोराने उतरायचं म्हणते. काय करावं?" माझं मत विचाराल तर नुसतं 'नाही' म्हणू नये. मुली मग न सांगता जातात, आणि लेक कुठे गेली हेच घरी ठाऊक नसतं.

अकोले तालुक्यात रतनगडाजवळ साम्रद गाव आहे. तिथली ही दरी म्हणजे डोंगराला पडलेली भेगच. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत इतकी अरुंद. मध्ये पाण्याचे डोह, पुढे दोराने उतरायचे कडे. उतरून दोर खाली ओढून घेतला की मागे फिरायची वाट बंद!

खरी भीती पाण्याची. इथे ऊन असतं, वर डोंगरात सर कोसळते आणि ओढा एकदम गढूळ होऊन येतो, हे आपण पाहतोच. अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद दरीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी असंच झालं. पाऊस कित्येक मैल दूर पडला आणि दरीत उतरलेले ११ पर्यटक दगावले. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पाणी वाढून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. उघड्या जागी ही गत, तर दोन भिंतींमध्ये पळायचं कुठे? म्हणून पावसाळ्यात दरीत उतरायचं नाही आणि वळवाचे ढग दिसले तरी नाही.

मुलीला नीट विचारा. आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे ती लागते. हेल्मेट, हार्नेस प्रत्येकीला मिळणार का? उतरताना दुसरा सुरक्षा दोर असतो का? आधी लहान कड्यावर सराव झालाय का? बरोबर गावातला वाटाड्या आहे का?

केस घट्ट बांधायचे, ओढणी घ्यायची नाही. दोराच्या कडीत अडकली तर माणूस अधांतरी लटकतो. जीन्सही नको, भिजली की जड होते. आयोजकाचा नंबर आणि परतायची वेळ कागदावर लिहून घरी ठेवायला सांगा.

उत्तरं नीट आली तर डबा भरून द्या. नाही आली तर 'नाही' म्हणा, पण कारण सांगून. आणि निघताना एक सांगाच: "आभाळ भरून आलं तर पैसे बुडाले तरी चालतील, पण माघारी फिर."