खेळाच्या आकड्यांना कुलूप

मराठी दैनिकांच्या क्रीडापानावर खो-खोच्या सामन्यांचे वृत्त ज्यांनी वर्षानुवर्षे वाचले आहे, त्यांना त्यातील कंसांची सवय असते. अमुक खेळाडूने २ मिनिटे १० सेकंद संरक्षण केले आणि ३ गडी टिपले, तमुकीने १ मिनिट ४० सेकंद पळती केली, अशी माहिती नावापुढच्या कंसात दिलेली असते. गुणलेखकाच्या टेबलावरील कागद जवळजवळ जसाच्या तसा दुसऱ्या दिवशी वाचकाच्या हाती पडतो. बल्लारपूरच्या वा गडचिरोलीच्या एखाद्या क्रीडाशिक्षकाने सामना पाहिलेला नसला, तरी कोण किती वेळ टिकला हे त्याला कळते व त्यावरून तो आपल्या विद्यार्थ्यांना चार गोष्टी सांगू शकतो. या मोकळेपणाचे आपणांस कधी विशेष वाटले नाही. जगातील श्रीमंत क्रीडासंघांचा व्यवहार पाहिला म्हणजे मात्र ते वाटू लागते.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे उदाहरण घेऊ. हा खेळ आपल्या शाळांतून खेळला जातो, पण त्यातील आकडेशास्त्र आपल्याकडे फारसे कोणाच्या कानावर आलेले नाही. पूर्वी तेथेही कोणी किती गुण केले एवढेच मोजले जाई. पुढे प्रश्न बदलला. खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे जातो आणि तो बाकावर बसल्यावर किती मागे पडतो, हे पाहिले जाऊ लागले. फेकीची किंमतही नव्याने ठरली. समजा, मधल्या अंतरावरून शंभरापैकी चाळीस फेकी यशस्वी होतात. दर फेकीमागे मिळाले ०.८ गुण. तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभरापैकी छत्तीसच यशस्वी झाल्या, तरी दर फेकीमागे १.०८ गुण पडतात. हे गणित सहावीच्या मुलाला समजावे; परंतु ते अंगवळणी पडण्यास व्यावसायिक संघांना तीन दशके लागली. १९७९-८० मध्ये ती रेषा आली तेव्हा एक संघ एका सामन्यात सरासरी तीनही फेकी तेथून करीत नसे. अलीकडे हा आकडा पस्तिसाच्या पुढे गेला आहे. खेळाचे सारे रूपच त्याने पालटले. ते सुंदर झाले की एकसुरी, हा वाद येथे नको.

आकड्याने अन्यायही दूर होतो. ह्यूस्टन संघाचा शेन बॅटिए हा फारसे गुण न करणारा, म्हणून सामान्य समजला गेलेला खेळाडू. मायकेल ल्युइस या लेखकाने २००९ साली त्याच्यावर लिहिलेला लेख गाजला. बॅटिए मैदानात असला की संघातील इतरांचा खेळ सुधारतो आणि प्रतिस्पर्ध्याचा बिघडतो, असे संघाच्या हिशेबात दिसत होते. आपल्या कबड्डीतही असे बॅटिए असतात. कोपरारक्षकाने पकड केली की गुण त्याच्या नावावर लागतो. साखळीत त्याचा हात धरून चढाईपटूची वाट अडविणाऱ्याची नोंद कोठेच होत नाही.

या व्यवहारात एक मराठी नाव ठळकपणे येते. मुंबईत वाढलेले विवेक रणदिवे तत्क्षणी माहिती पोहोचविणाऱ्या संगणक-प्रणालीच्या व्यवसायात श्रीमंत झाले, २०१० मध्ये गोल्डन स्टेट संघाचे भागीदार झाले आणि २०१३ मध्ये त्यांनी सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ घेतला. २०१९ च्या ऑक्टोबरात हाच संघ मुंबईत खेळून गेला. या रणदिव्यांच्या संघाने २०१४ मध्ये एक विलक्षण गोष्ट केली. नवे खेळाडू निवडताना बाहेरच्या हौशी अभ्यासकांकडून विश्लेषण मागविले आणि त्यांतील काहींना निवडीच्या चर्चेत बसविले. ज्या जगात आकडे तिजोरीत ठेवतात, तेथे हे दार उघडणेच होते. निवड निक स्टाउस्कस या खेळाडूची झाली. तो तेथे एकच हंगाम राहिला. किंग्जना बाद फेरी गाठण्यास २०२३ साल उजाडले, आणि रणदिवे ज्या संघातून बाहेर पडले त्याने २०१५ मध्येच अजिंक्यपद पटकावले!

यावरून दार उघडणे चुकीचे ठरते काय? त्याच वर्षी निकोला योकिच या सर्बियन तरुणाला निवडताना चाळीस नावे आधी पुकारली गेली होती. पुढे तो तीन वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्यांनी त्याला वगळले, त्यांच्या तिजोऱ्या बंदच होत्या. गुप्ततेने अचूकता येत नाही. चूक उशिरा उघडकीस येते, इतकेच.

तरीही गुप्ततेची ओढ वाढतच आहे. २०१३-१४ पासून त्या लीगच्या प्रत्येक क्रीडागृहाच्या छताला कॅमेरे लागले. प्रत्येक खेळाडू व चेंडू कोठे आहे, याची नोंद ते सेकंदाला पंचवीस वेळा करीत. तिचा काही कच्चा भाग बाहेरच्यांनाही मिळत होता. २०१६ च्या प्रारंभी तो झरा आटला. जगभरचे विद्यार्थी त्यानंतरही त्या जुन्या नोंदींवरच अभ्यास करीत राहिले. बेसबॉलमध्ये तर प्रकरण न्यायालयात गेले. सेंट लुइस संघाचा एक अधिकारी ह्यूस्टनच्या संघाच्या संगणकात चोरून शिरला, म्हणून २०१६ मध्ये त्यास ४६ महिन्यांची कैद झाली.

संघाने आपला डावपेच झाकावा, याला आमची हरकत नाही. ताडोबाच्या कॅमेऱ्यांत सापडलेला वाघ कोणत्या पाणवठ्यावर येतो, हे वनखात्याने चव्हाट्यावर मांडू नये, हे आपल्या जिल्ह्यात कोणासही पटेल. तेथे शिकाऱ्याचे भय आहे. पण राज्यात वाघ किती, हा २०२२ च्या गणनेतील ४४४ चा आकडा लोकांसमोर आला, आणि यावयासच हवा होता. खेळातही हाच भेद करावयास हवा. निष्कर्ष संघाचा असेल; सामन्यात जे घडले त्याची नोंद मात्र पाहणाऱ्यांचीही आहे. सॅक्रामेंटोचे क्रीडागृह उभारताना त्या शहराने पंचवीस कोटी डॉलरहून अधिक भार उचलला, हे विसरून चालणार नाही. आणि ज्याच्या देहाच्या धावेतून तो आकडा निघाला, त्या खेळाडूचे काय? मालकाला त्याची नेमकी किंमत ठाऊक आणि त्याला स्वतःला ठाऊक नाही, अशा दोघांत होणारा पगाराचा करार बरोबरीचा म्हणता येत नाही. अंगावर बांधावयाच्या यंत्रांनी टिपलेली माहिती खेळाडूस दाखवावी व करार ठरविताना ती वापरू नये, अशी अट तेथील खेळाडूंच्या संघटनेने २०१७ च्या करारात घालून घेतली, ती याच जाणिवेने.

आपल्याकडे तिजोरी नाही. पण नोंदवहीही नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, म्हणजे मैदानावरील कामगिरीवर मुलांचे भवितव्य अवलंबून आहे. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ सर्वांसमोर असते. विसापूरच्या तालुका क्रीडा संकुलात २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या; तेथे कोण पुढे व कोण मागे याविषयी शंकेस फारशी जागा नसते. कबड्डीच्या किंवा बास्केटबॉलच्या निवडचाचणीत मात्र यादी लागते आणि कारण लागत नाही. जिवती-कोरपन्याकडून पहाटेच्या एस.टी.ने आलेली मुलगी संध्याकाळी परत जाते, ती आपले काय कमी पडले हे न कळताच. निवड समितीचे सदस्य पक्षपाती असतात असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक जण पदरमोड करून हे काम करतात. पण त्यांनी काय पाहिले हे लिहिलेले नसेल, तर प्रामाणिक निवड आणि वशिल्याची निवड दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात.

याला छतावरचे कॅमेरे लागत नाहीत. किती चढाया, त्यांत यशस्वी किती, किती पकडींत सहभाग, मैदानात किती मिनिटे, एवढे चार रकाने आखलेला कागद आणि तो भरणारा एक शिक्षक वा लिपिक पुरे. या हंगामातील तालुका स्पर्धांपासून त्या कागदाची एक प्रत संकुलाच्या सूचनाफलकावर लागावी आणि दुसरी खेळाडूच्या हाती द्यावी. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.