वाघिणीची वाट सोडा!

31 डिसेंबर 2024. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एफ-2 वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि जिप्स्यांनी तिला दोन्ही बाजूंनी कोंडलं. व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, संताप सगळ्यांनाच आला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक-गाइडांवर कारवाई झाली, व्हायलाच हवी होती. पण मागे बसून 'अजून थोडी पुढे घे' म्हणणाऱ्यांचं काय?

पर्यटकहो, ही वाट तुमच्या बक्षिशीने अडते. गेटवर गाडीत बसतानाच सांगता, 'वाघ दाखव, खूश करू.' दिसला तर नोट, नाही दिसला तर तोंड वाकडं. हंगामावर ज्याची चूल पेटते, तो चालक मग गाडी आडवी घालणार नाही तर काय करील? वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर दूर राहा, त्याला घेरू नका, असं 2012 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. अभयारण्यात प्राण्याला छळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 27 ने मना आहे. तिकीट काढलेल्यांना यात सूट नाही.

'एवढे पैसे मोजलेत!' मोजलेत ते जंगलात शिरण्याचे. वाघीण तुम्ही विकत घेतलेली नाही.

'वाघांना आता गाड्यांची सवय झालीय.' या बढाईची चीड येते. जरा शांतपणे ऐका. बछडे दीड-दोन वर्षांत आईपासून वेगळे होतात. हे अभयारण्य जेमतेम 189 चौरस किलोमीटरचं. सगळ्यांना इथे जागा मिळत नाही. शेतं, रस्ते, गावं ओलांडूनच त्यांना बाहेर पडावं लागतं. इथल्याच जय वाघाचा मुलगा श्रीनिवास 2017 मध्ये ब्रह्मपुरी भागात शेताच्या कुंपणातल्या विजेने मेला. अशा मुलखात माणसाची धास्ती हाच बछड्यांचा आधार, आणि तोच तुम्ही एका फोटोसाठी काढून घेता. वर स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवता!

'कडक झालात तर गावाचा रोजगार बुडेल.' तो तुमच्या हट्टापायीच बुडतो. निलंबन चालकाचं होतं. तुम्ही फोटो घेऊन घरी जाता.

बक्षीस द्यायचंच असेल तर वाघ दिसो न दिसो, सारखंच द्या. वाट अडवली जात असेल तर तिथल्या तिथे 'गाडी मागे घे' म्हणा, आणि बाहेर पडताना त्या गाडीचा नंबर गेटवर लेखी द्या.